बाळंतिणीच्या सूपातली उदाची शेंग

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई 31 वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या, चार वर्षांपासून नायजेरियातल्या लागोसमध्ये राहतात. पहिलं बाळंतपण, नॉर्मल. बाळ 12 दिवसांचं आहे आणि अंगावर पितं. नवव्या महिन्यात रक्तदाब वाढला, तेव्हापासून निफेडिपीनची गोळी चालू आहे. आईला येता आलं नाही. शेजारच्या इग्बो (तिथल्या एका समाजाच्या) काकू रोज डबाभर गरम सूप आणून देतात. त्यात याम या कंदाच्या फोडी, सुकी मासळी आणि ‘उदा’ नावाच्या काळ्या शेंगा असतात. काकू म्हणतात, याने पिशवी धुऊन निघते आणि दूध उतरतं. ताईंनी इंटरनेटवर पाहिलं तर उदाने गर्भपात होतो असं लिहिलेलं. सातव्या महिन्यात एका समारंभात त्यांनी हेच सूप प्यायलं होतं, त्याची धास्ती आता बसली आहे. आई फोनवर रोज बजावते, ‘तिथलं काही तोंडात घालू नकोस, मी काढा पाठवते.’ त्यातच एका ओळखीच्या बाईंनी पोट आत जाण्यासाठी जिनमध्ये भिजवलेल्या उदाची बाटली आणून दिली आहे. ताई विचारतात: सूप बंद करू का? बाटली घेऊ का? गर्भ पाडणारी वस्तू खाऊन बाळाला पाजायचं तरी कसं?

प्रिय ताई,

आधी सातव्या महिन्यातलं ते सूप मनातून काढून टाका. पातेलंभर सूपात दोन-तीन शेंगा उकळतात आणि त्यातली एक वाटी तुमच्या पोटात गेली. ज्या प्रयोगांवरून तुम्ही घाबरलात, त्यांत उंदरांना फळाचा दाट अर्क किंवा त्यातून वेगळं काढलेलं रसायन रोज, वजनाच्या हिशोबाने पाजलेलं होतं. ती मात्रा आणि समारंभातली वाटी यांची तुलना होत नाही. शिवाय बाळ बाहेर आलं आहे, धड आहे, पितं आहे.

आता ही वस्तू नेमकी कोणती ते पाहू, कारण निम्मा गोंधळ नावांचा आहे. उदा हे इग्बो नाव. त्याचा आपल्या धुपाच्या ऊदाशी काही संबंध नाही. लागोसच्या बाजारात योरुबा बाई याच शेंगेला ‘एरू’ म्हणेल, हौसा व्यापारी ‘किंबा’ म्हणेल, घानात ती ‘ह्वेंतिया’ होते आणि सेनेगलमध्ये ‘जार’. तिथे ती कॉफीच्या बियांबरोबर भाजून ‘काफे तुबा’ करतात आणि हजारो लोक ती रोज पितात. शास्त्रीय नाव झायलोपिया एथिओपिका. इंग्रजीत तिला ‘ग्रेन्स ऑफ सेलिम’ म्हणतात आणि ‘ग्रेन्स ऑफ पॅरडाइज’ ही तर वेगळीच वस्तू आहे, आल्या-वेलदोड्याच्या कुळातली. कोलानटबरोबर पाहुण्यांपुढे ठेवतात ते तिखट बारीक दाणे तिचेच किंवा तिच्या सख्ख्या बहिणीचे. इंटरनेटवर या दोघींची माहिती सर्रास एकमेकींत मिसळलेली असते. पुढच्या वेळी शोधायचं झालं तर शास्त्रीय नाव टाकून शोधा.

उदाचं झाड सीताफळाच्या कुळातलं. शेंगा झुपक्याने येतात. वाळल्यावर एकेक शेंग 2 ते 5 सेंटीमीटरची, काळपट तपकिरी, आतल्या बियांच्या जागी फुगलेली, चवळीची शेंग वाळून चिमली तर दिसेल तशी. एक मोडून नाकाशी धरा. निलगिरी, जायफळ आणि थोडा धूर असा वास येईल. निलगिरीसारखा वाटतो कारण तेलातलं सिनिओल हे द्रव्य दोन्हीकडे आहे. वास सालीत असतो, बी कडू असते. म्हणून जाणती बाई शेंग आख्खी टाकते आणि वाढण्याआधी काढून घेते.

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं रसायन म्हणजे झायलोपिक आम्ल. एकाँग आणि ओगान या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना 1968 मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर घाना आणि नायजेरियातल्या प्रयोगशाळांत त्यावर बरंच काम झालं. प्राण्यांमध्ये वेदना कमी होताना दिसल्या, सूज उतरताना दिसली, रक्तदाब खाली येताना आणि लघवी वाढताना दिसली. जास्त मात्रेत गर्भधारणेत अडथळा आला आणि नर उंदरांच्या शुक्राणूंवरही परिणाम झाला. हे सगळं उंदीर-घुशींचं. बाळंतिणींना उदा देऊन, न देऊन नीट तुलना केलेला भरवशाचा अभ्यास हाताशी नाही. त्यामुळे ‘उदाने दूध वाढतं हे सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणालं तर ते जितकं खोटं, तितकंच ‘उदा बाळंतिणीला घातक हे सिद्ध झालंय’ हेही खोटं.

तुमच्या प्रश्नातच एक गाठ आहे, ती सोडवू. ‘गर्भ पाडणारी वस्तू’ असं एकदा नाव पडलं की ती कायमची विषारी वाटू लागते. पण गरोदर बाईने टाळायची वस्तू बाळंतिणीला चालणं यात विचित्र काही नाही. आपल्याकडे गरोदरपणी अळीव आणि पपई नको म्हणणारी घरंच बाळंतपणानंतर अळिवाची खीर वाटी भरून पुढे ठेवतात. उदाचंही तसंच. बऱ्याच इग्बो घरांत गरोदर बाईच्या ताटात तो पडू देत नाहीत आणि बाळंतिणीच्या सूपात मात्र हमखास घालतात. बाई कोणत्या अवस्थेत आहे, मात्रा किती आहे आणि ती कशातून पोटात जाते, हे तिन्ही पाहिल्याशिवाय ‘चांगलं की वाईट’ याला उत्तर नाही.

आता ‘पिशवी धुऊन निघते’ याबद्दल. ही समजूत काकूंची तशी तुमच्या आईचीही आहे, दोघींचे शब्द फक्त वेगळे. पिशवीला धुण्याची गरज नसते. बाळंतपणानंतर लगेच ती साधारण एक किलोची असते आणि सहा आठवड्यांत 100 ग्रॅमच्या आत येते. हे काम तिचे स्नायू करतात, आणि बाळ पिताना अंगात सुटणारं ऑक्सिटोसिन त्यांना आवळायला लावतं. बाळ प्यायला लागलं की ओटीपोटात कळ येते ना, ती त्याचीच. अंगावरून जाणंही आपल्या क्रमाने बदलतं: पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळट-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत बंद. बाराव्या दिवशी तुम्ही या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात असायला हव्यात.

या समजुतीतला खरा धोका शेंगेत नाही, चालढकल करण्यात आहे. वारेचा तुकडा आत राहिला किंवा जंतुसंसर्ग झाला तर रक्त पुन्हा लाल आणि जास्त जायला लागतं, घाण वास येतो, ताप 38 अंश सेल्सिअसवर जातो. अशा वेळी ‘बरंच झालं, घाण बाहेर पडतेय’ असं म्हणत आणखी उदा किंवा आणखी काढा घेत दोन दिवस काढले, तर ते महागात पडतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, किंवा यातलं काहीही झालं, तर रात्र असो की रविवार, दवाखाना गाठायचा.

दुधाचं मी थोडक्यात सांगते. दूध वाढतं ते बाळाने वारंवार आणि नीट पकडून ओढल्याने, दिवसा-रात्री मिळून 8 ते 12 वेळा. गरम पातळ सूपाने बाईला पाणी मिळतं, पोट भरतं, चार घटका निवांत बसणं होतं, आणि त्याचा फायदा आहेच. पुरतं की नाही हे बाळाच्या लंगोटांवरून पाहा: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले, आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत आलेलं. मसाल्यांचे वास दुधात थोडे उतरतात, बहुतेक बाळांना त्याचं काही वाटत नाही. सूप प्यायल्यावर दर वेळी बाळ किरकिर करतं किंवा अंगावर पुरळ येतं असं दिसलं तर तीन-चार दिवस उदा बंद करून पाहा. बाळाला मात्र उदाचं पाणी, घुटी, मध यातलं काहीही चाटवायचं नाही, कुणी कितीही प्रेमाने आणलं तरी.

तुमच्या बाबतीत मला उदापेक्षा रक्तदाबाची जास्त काळजी आहे, आणि तिथे पातेल्यातल्या दुसऱ्याच गोष्टी पाहायला हव्यात. पहिली म्हणजे मसाल्याच्या क्यूब. नायजेरियात त्या जवळपास प्रत्येक सूपात पडतात, आणि क्यूबमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास निव्वळ मीठ असतं. दोन-तीन क्यूब, वर सुक्या मासळीतलं मीठ, वर चवीपुरतं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, ते एका डब्यात संपू शकतं. दुसरी म्हणजे ‘कान्वा’, इग्बोत ‘आकान्वू’. आपल्या पापडखारासारखा हा क्षार, म्हणजे सोडियमच. उत्तर नायजेरियात बाळंतिणीला कान्वा घातलेली लापशी आणि कडक गरम पाण्याच्या आंघोळी देतात. तिथल्या झारिया शहरातल्या डॉक्टरांना 1970च्या दशकात बाळंतिणींमध्ये हृदय थकण्याचे पुष्कळ रुग्ण दिसले आणि त्यांनी या प्रथेकडे बोट दाखवलं. पुढच्या अभ्यासांत कान्वावरचा दोष ठामपणे सिद्ध झाला नाही, पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईने तो टाळावा हे सांगायला तेवढी सिद्धता लागत नाही. काकूंना विचारा, ‘यात क्यूब किती? आकान्वू आहे का?’ क्यूब नको, कान्वा नको, मीठ कमी, एवढं झालं की सूपातला मोठा धोका गेला.

तिसरी गोष्ट ‘उझिझा’. बारीक देठ असलेले काळपट गोल दाणे, दिसायला कंकोळ, कुळ मिरीचं. मिरीतलं पायपरीन यातही आहे. पायपरीन यकृतात औषधं मोडणाऱ्या काही एन्झाइमांना आवर घालतं, त्यामुळे औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. माणसांवरच्या एका अभ्यासात रोज 20 मिलिग्रॅम पायपरीन आठवडाभर दिल्यावर प्रोप्रानोलोल (रक्तदाबाचं औषध) आणि थिओफिलीन (दम्याचं औषध) यांची रक्तातली पातळी वाढलेली दिसली. तुमची निफेडिपीनही असल्याच एन्झाइमांनी मोडते. चमचाभर दाणे चार माणसांच्या सूपात पडले तर घाबरण्यासारखं नाही, रोजच्या आमटी-रश्श्यातही मिरी असतेच. पण उझिझाची पूड चमच्याने फाकणं किंवा कॅप्सूल घेणं नको. फिटच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनीही हे लक्षात ठेवावं, कारण फेनिटॉइनचंही तसंच होतं.

रक्तदाब घरी सकाळ-संध्याकाळ मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, आणि आकडा वहीत लिहा. सूप प्यायल्यावर लगेच मोजू नका, गरम आणि तिखटाने आकडा फसवतो. 150/100 च्या वर दोनदा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160/110 आला, किंवा आकडा काहीही असो पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, धाप लागतेय, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना. हा धोका बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत राहतो. उलट उभं राहताना गरगरलं आणि आकडा 100/60 च्या खाली असेल तर तेही कळवा. उदाच्या दाट अर्काने प्राण्यांत रक्तदाब उतरलेला आहे. गोळी आणि अर्क असं दुहेरी नको, ते एवढ्यासाठी.

सूप चालू ठेवायचं तर कसं? चार जणांच्या पातेल्याला, म्हणजे दीड लिटरच्या आसपास पाण्याला, दोन ते तीन शेंगा पुरतात. शेंगा शक्यतो आख्ख्या घ्या, पूड घेऊ नका. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्याला दिसत नाही. एक शेंग मोडून पाहा. आत पांढरी-हिरवट बुरशी, कुबट वास किंवा किडीची भोकं दिसली तर तो झुपका फेकून द्या, बुरशी उकळून जात नाही. काही ठिकाणी शेंगा धुरावर वाळवतात. बोटाला काजळी लागत असेल तर त्या घेऊ नका. चांगल्या शेंगा पाण्याखाली भरभर धुवा, कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट शेका, बत्त्याने एकदाच ठेचा म्हणजे साल तडकेल पण बिया फुटणार नाहीत, आणि फडक्यात सैल बांधून पातेल्यात सोडा. वीस मिनिटांनी पुरचुंडी काढून घ्या. बिया फुटून सूपात मिसळल्या की सूप कडवट होतं, मग तो कडवटपणा लपवायला हात पुन्हा क्यूबकडे जातो. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, पूर्ण शिजवायचाच. उताझीची कडू पानं असतील तर दोन-तीन पुरे. रक्तदाब आणि पोट दोन्ही शांत असेपर्यंत दिवसाला एक मोठी वाटी घ्या. छातीत जळजळ होत असेल तर तिखट कमी करायला सांगा. मासळी चालत नसेल तर काकूंना स्पष्ट सांगा, सूप तिच्याशिवायही होतं.

बाटलीबद्दल मात्र दुमत नको. ती ओतून टाका. जिनमध्ये आठवडाभर भिजलेल्या पंधरा-वीस शेंगा म्हणजे अर्क, आणि दारूत अशी द्रव्यं पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उतरतात. दारू दुधात रक्ताइतकीच येते आणि एका पेगाला उतरायला दोन-तीन तास लागतात. त्यातून जिनऐवजी ‘ओगोगोरो’, म्हणजे तिथली घरगुती गाळलेली दारू, असेल तर आत काय आहे देव जाणे. 2015 मध्ये नायजेरियाच्या ओंडो आणि रिव्हर्स राज्यांत मिथेनॉल मिसळलेल्या अशा दारूने कित्येक माणसं दगावली. पोट आत जाण्याचं म्हणाल तर ताणलेले स्नायू आणि कातडी पूर्ववत यायला महिने लागतात, कुठल्याही बाटलीने ते घाईला येत नाहीत. बाटलीवर ‘नाफडाक’चा, म्हणजे नायजेरियाच्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेचा, नोंदणी क्रमांक असला तरी वनौषधींच्या लेबलवर बहुधा त्याखालीच बारीक अक्षरांत छापलेलं असतं की दाव्यांची तपासणी संस्थेने केलेली नाही. ते वाचा.

आणि आता आईच्या काढ्याकडेही त्याच नजरेने पाहायला हवं, नाहीतर काकूंवर अन्याय होईल. आपल्या बाटलीवर ओळखीची अक्षरं आहेत म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही. लेबलवर घटक पाहा. ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात असेल तर तो रक्तदाब वाढवतो, तुम्हाला नको. भस्म, पारा, गंधक असं काही दिसलं तर नको. आसव-अरिष्ट असेल तर त्यात आपसूक तयार झालेली दारू असते. उदाचं सूप, काढा आणि लोहाची गोळी एकाच दिवशी नव्याने सुरू करू नका. काही बिनसलं तर कशाने ते कळणारच नाही. लोहाची गोळी सूप-काढ्यापासून दोन तास लांब ठेवा. आईला ‘काढा नको’ म्हणण्यापेक्षा ‘डिंकाचे लाडू आणि अळीव पाठव’ म्हणा. तिला पाठवण्याचं समाधान, तुम्हाला खाण्याचं.

काकू ओटीपोटावर गरम पाण्याच्या फडक्याने दाबून शेकायला येतील, ही तिथली पद्धत आहे. या सगळ्या बाळंतपणाच्या उस्तवारीला ‘ओमुग्वो’ म्हणतात. आपल्या शेक-शेगडीचंच ते नात्यातलं. पाणी कोपराला सोसेल इतपतच गरम हवं, आणि जोर लावून दाबणं नको. वाफाळत्या पातेल्यावर बसणं तर नकोच, टाके असोत-नसोत, तिथली कातडी लगेच भाजते. ज्यांचं सिझेरियन झालं आहे त्यांनी पोटावरचा शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. आपल्याकडची बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र याहून वाईट, तिच्या धुराने आई आणि बाळ दोघंही गुदमरू शकतात.

हे वाचणाऱ्या इतर काही जणींसाठी दोन शब्द. ज्या गरोदर आहेत किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करतायत, त्यांनी उदा औषध म्हणून घेऊ नये. लग्नाघरी सूपाची एक वाटी झाली तर रडत बसू नये. नवऱ्यालाही त्या काळात उदाच्या बिटर्सपासून (दारूत मुरवलेल्या कडू अर्कापासून) लांब ठेवावं. उलट टोकाला, ‘उदा खातेय म्हणजे दिवस राहणार नाहीत’ असं कुणी समजत असेल तर ती चूक आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं आणि पाळी न आलेली, हे तिन्ही असेल तेव्हाच पाजण्याने बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. त्यातलं एक जरी सुटलं तरी दुसरा उपाय लागतो.

काकूंना सूप नाकारू नका, दुरुस्त करून मागा. डबा परत देताना ‘दालू’, म्हणजे इग्बोत ‘धन्यवाद’, म्हणा, आणि पुढच्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन शेंगा स्वतः निवडून द्या. म्हणजे काय पडतंय ते तुम्हाला दिसेल आणि क्यूबचा विषय बोलता बोलता निघेल. आईला व्हिडिओ कॉलवर ती शेंग मोडून दाखवा आणि सांगा की सीताफळाच्या कुळातली आहे. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना रक्तदाबाची वही, काढ्याच्या लेबलचा फोटो आणि दोन उदाच्या शेंगा पिशवीत घालून न्या. लागोसच्या डॉक्टरांना शेंग ओळखू येईल, काढा येणार नाही.